मर्व्हचा गुडघा आणि घोड्याची पावडर

"हे काय आहे?" मर्व्हने मोज्यातून लोहचुंबक काढून टेबलावर आपटलं.

"त्यानं गुडघ्यातलं रक्त खेळतं राहतं," त्याची बायको नेरिडा म्हणाली.

"बये, चुंबक चिकटवायला मी काय फ्रिज आहे?"

चाळीस वर्षं मेंढ्या कातरून मर्व्हच्या उजव्या गुडघ्याचा भुगा झाला होता. सरकारी इस्पितळाच्या यादीत चौदा महिने ताटकळल्यावर नवा गुडघा बसवायची तारीख मिळाली होती, येत्या सोमवारची. या चौदा महिन्यांत नेरिडाने चुंबकं लावली, निलगिरीचं तेल चोळलं आणि दुखण्यावर सुया टोचणाऱ्या मे फाँगकडे चल म्हणून रोज विनवलं. रोज मर्व्ह तिच्या अंगावर खेकसला.

शुक्रवारी इस्पितळातल्या सिस्टरचा फोन आला.

"डॉक्टरांनी न दिलेलं काही घेता का? मुळ्या, तेलं?"

"मी? मी विज्ञान मानतो! हिला विचारा, माझ्या मोज्यात काय काय कोंबते ते!"

मर्व्हने फोन स्पीकरवर टाकला आणि नेरिडाने सगळं सांगितलं.

"त्यानं काही बिघडत नाही," सिस्टर म्हणाली. "मग दुखलं की काय घेता, मर्व्ह?"

"पावडर. अगदी शास्त्रीय. जनावरांच्या डॉक्टरनं दिलेली."

"कुणाला दिलेली?"

"डस्टीला. माझा घोडा. लंगडत होता, दोन दिवसांत पळायला लागला. तो पाचशे किलोचा, मी शंभरचा. म्हणून मी बरोब्बर पाचवा भाग घेतो."



"त्यानं पोटात रक्तस्राव होतो, मर्व्ह. मूत्रपिंडं जातात. पावडर आजच बंद, उद्या रक्त तपासायला या. ऑपरेशन सहा आठवडे पुढे."

मर्व्ह सिस्टरवर ओरडला, सरकारवर ओरडला, डस्टीवरही ओरडला. मग त्याने बादलीला लाथ मारली, तीही उजव्या पायाने.

"आता तरी मे फाँगकडे चल," नेरिडा म्हणाली.

"मेलो तरी जाणार नाही!"

पावडर बंद झाली आणि गुडघा असा ठणकायला लागला, की व्हरांड्याच्या तीन पायऱ्या चढताना मर्व्ह तीन वेगवेगळ्या शिव्या घाली. पुढे पुढे मात्र एकीवरच भागायला लागलं.

सहाव्या आठवड्यात सिस्टरचा पुन्हा फोन आला. तो नेरिडाने स्पीकरवर घेतला.

"नाही हो, आता काहीच घेत नाही. सुयांचं नाव काढलं तरी भांडतो. मंगळवारी नि शुक्रवारी क्लबात जाऊन बसतो, तेवढंच."

"नक्की ना? यावेळी काही लपवलंत तर तारीख पुन्हा जाईल."

दारात उभ्या मर्व्हचा चेहरा बीटासारखा लाल झाला. त्याने येऊन फोन हिसकावला.

"लिही! मंगळवार, शुक्रवार. मे फाँग. दर खेपेला अकरा सुया."

"बरं वाटतं का?"

"वाटतं!" मर्व्ह गरजला. "त्याचाच तर संताप होतो!"

"हरकत नाही. फक्त आता ऑपरेशन होईपर्यंत सुया नकोत. सोमवारी सातला या."

मर्व्हने फोन ठेवला. नेरिडाने सोलता सोलता हातातला बटाटा खाली ठेवला.

"चौदा महिने घसा फोडला मी," ती अगदी हळू म्हणाली. "म्हणे क्लब."

सहा आठवड्यांत मर्व्ह इतका भराभर चालला नव्हता. तो मागच्या दाराने केव्हाच बाहेर पडला होता.