सरासरी पाच, विचलन शून्य

माणसाचे दुःख मोजता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी जिल्हा कचेरीचा फॉर्म पाहिलेला नसतो. त्यात एक ते पाच आकडे असतात आणि कुठलेही दुःख त्यांत आरामात मावते.

डोंगरावरच्या सोल्गोल गावात बस दिवसातून तीनदा येई. माणसे अडतीस, गुडघे शहात्तर (पैकी चालू एकोणतीस). बुन्नाम आजींना दर गुरुवारी गुडघ्याच्या इंजेक्शनसाठी बारा किलोमीटर खाली दवाखान्यात जावे लागे. बस नसती तर आजी घरातच बसल्या असत्या.

आधी संख्यात्मक संशोधन झाले. कचेरीच्या मिरानबाई फॉर्म घेऊन आल्या.

"आजी, बससेवेबद्दल किती समाधानी आहात?"

आजींनी बाईंचे चिखलाने माखलेले बूट पाहिले. "कमी सांगितले तर साहेब तुला बोलतील ना गं?"

"बोलतील थोडंफार."

"मग पाच लिही. आणि ही रताळी घे, गरम आहेत."

साऱ्या गावाने याच शास्त्रीय निकषावर उत्तरे दिली. सरासरी पाच, विचलन शून्य. इतके सुखी गाव जिल्ह्यात दुसरे नव्हते. सबब दोन फेऱ्या काढून कुरकुरणाऱ्या गावांना देण्यात आल्या.

मग गुणात्मक संशोधन झाले. (संख्यात्मक म्हणजे चाळीस माणसांना एक प्रश्न, गुणात्मक म्हणजे एका माणसाला चाळीस.) प्राध्यापक ग्युनसक आजींच्या घरी खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर चार तास बसले. अकरा रताळी खाल्ली.

"थांब्यावर दोन-दोन तास उभी असते रे बाबा. पाय सुजतात."

"त्या दोन तासांत तुम्हाला नेमकं काय वाटतं?"

"बस यावी असं वाटतं. दुसरं काय वाटणार?"

अहवाल एकशे बारा पानांचा झाला. प्रतीक्षा हाच आजींच्या जगण्याचा गाभा आहे, असे त्यात सिद्ध केले होते. कचेरी हेलावली. या प्रतीक्षेत व्यत्यय नको म्हणून उरलेली फेरीही बंद झाली आणि थांब्यावर बटण दाबताच गरम होणारे बाकडे बसले.

तीन गुरुवार चुकले. आजींचा गुडघा भोपळ्याएवढा झाला. चौथ्या गुरुवारी मिरानबाई बाकड्याची पाहणी करायला आल्या. बस नव्हती, त्यामुळे डोंगर चढून, धापा टाकत.

"आजी, बाकड्याबद्दल किती समाधानी?"

आज खरे सांगायचेच, असे आजींनी ठरवले होते. पण त्यांची नजर पुन्हा बुटांवर गेली.

"बस आधी. पाच लिही."

आजींना हसण्यापूर्वी वाचकांनी एक नोंद तपासावी. काल कुणीतरी "काय, बरं चाललंय ना?" असे विचारले, तेव्हा आपण किती दिले होते?