काटोलची संत्री

उन्मेषने सासऱ्यांची सायकल विचारून घेतली नव्हती, कारण विचारून ती कुणालाच मिळत नसे. महादेवरावांच्या त्या पंचावन्न वर्षांच्या काळ्या सायकलीला घरात जावयापेक्षा जास्त मान होता. तिच्या कुलपाच्या किल्ल्या दोनच. एक देवघरामागच्या खिळ्याला, दुसरी थेट महादेवरावांच्या करदोड्याला.

फ्लॅट रंगवायला काढल्यामुळे उन्मेष आणि मोनाली पंधरा दिवस तिच्या माहेरी राहायला आले होते. त्या रविवारी सकाळीच महादेवराव हातात पिशवी घेऊन निघाले. "काटोलले जातो. बगीच्यातले संत्रे आणतो. संध्याकाळ होईन," असं सांगून ते बसस्टँडच्या दिशेनं गेले.

नेमकी त्याच दिवशी शहरात जुन्या सायकलींची फेरी होती. सिव्हिल लाइन्समधून चक्कर मारायची आणि शेवटी हिंगणा रोडवरच्या एका छोट्या कारखान्यात, तिथेच बनणारी बिअर चाखायची. अट एकच होती, सायकल पन्नास वर्षांपुढची हवी. उन्मेषने खिळ्यावरची किल्ली काढली आणि पोर्चमध्ये सायकलीवर कायम पांघरलेली चादर बाजूला सारली. धोका दुहेरी होता. सायकलीला ओरखडा पडला तर सासरे बोलणं टाकतील ही एक भीती. दुसरी मोठी. मुलगी पाहायला आला तेव्हा तो "मी सुपारीसुद्धा खात नाही" असं बोलून बसला होता, आणि महादेवराव तीन वर्षं ते वाक्य नातेवाइकांना ऐकवत होते.

फेरी झकास झाली. कारखान्यात वयस्क मंडळींना आत हॉलमध्ये बसवलं, तरुणांना मागच्या कडुलिंबाखाली. उन्मेषने चार छोटे ग्लास घेतले. चौथा संत्र्याच्या बिअरचा होता आणि तो त्याला फार आवडला. मग तो बाहेर आला, तर लावल्या जागी सायकल नव्हती.

"एक बुढे बाबा घेऊन गेले ना, साहेब," चौकीदार म्हणाला.

"कशी नेली? किल्ली माझ्या खिशात आहे!"

"त्यायनं किल्लीनंच उघडली. कुलूप तोडलं असतं तर मी जाऊ देल्लं असतं काय?"

उन्मेषने खिसा चाचपला. किल्ली जागेवर होती. दुसरी किल्ली करदोड्याला, आणि करदोडा काटोलला. 

"घाबरता काहून?" चौकीदाराने समजूत घातली. "साठ आल्या होत्या, एकोणसाठ गेल्या. उरली ते तुमची. काळीच आहे, पाहा."

उरलेली सायकल काळी होती खरी, पण तिच्या मुठी लाल होत्या आणि उन्मेषची किल्ली तिला लागत नव्हती. निदान सासरे किती वाजता परततील ते कळावं म्हणून त्याने फोन लावला.

"बाबूजी, पोहोचले काय काटोलले?"

"हो हो, बगीच्यातच आहो," महादेवराव धापा टाकत म्हणाले. "संत्रे पाहून राहिलो. ठेवा आता!"

मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते. काटोलच्या बगीच्यांत रहदारी बरीच वाढलेली दिसते, असं उन्मेषला वाटलं. मग त्याने ती लाल मुठींची सायकल ऑटोत घातली. संध्याकाळपर्यंत चादरीखाली झाकून ठेवायची आणि तेवढ्यात खरी शोधायची, असा बेत त्याने केला.

घरी पोहोचून त्याने पोर्चमधली चादर उचलली. खाली सासऱ्यांची सायकल उभी होती.

उन्मेषने डोळे चोळले. आपण ही नेली होती की नव्हती? ग्लास चारच होते की जास्त? एवढ्यात दार उघडून महादेवराव बाहेर आले. तेही गोंधळलेलेच दिसत होते.

"ही तर माह्या दोस्ताची, गणपतरावची सायकल!" ते लाल मुठींकडे बघत ओरडले. "मी हिच्यावर गेलो होतो, अन् आलो माह्याच... म्हणजे..." ते एकदम थांबले. कारखान्याबाहेर आपली सायकल दिसली, सवयीने करदोड्याची किल्ली लावली आणि आपण घरी आलो, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. "पण जवाईबापू, तुमच्याजवळ हे कशी?"

"तुम्ही काटोलवरून कवा आले, बाबूजी?"

 दोघेही सायकलीच्या चेनकडे पाहू लागले.

सासूबाई गोपिकाबाई दारात आल्या. त्यांनी दोन सायकली पाहिल्या, नवऱ्याची रिकामी पिशवी पाहिली, मग जवळ येऊन आधी नवऱ्यासमोर आणि नंतर जावयासमोर श्वास घेतला.

"अवो, संत्रा एकबी नाही आणला, अन् वास अख्ख्या पेटीचा! अन् सुपारी न खाणारे जवाईबापूबी काटोललेच गेले होते वाट्टे?"

 महादेवरावांनी गणपतरावांच्या सायकलीची किल्ली उन्मेषच्या हातात ठेवली. पंचावन्न वर्षांत त्यांनी कुणाच्या हातात किल्ली दिल्याचं हे पहिलंच उदाहरण होतं.

"गुपचूप वापस करून या," ते पुटपुटले.

"काहून वापस?" गोपिकाबाई म्हणाल्या. "राहू द्या पुढच्या आईतवारपर्यंत. मलेबी पाहाचं आहे तुमचं काटोल."

 महादेवराव खाली वाकले आणि आपल्या सायकलीचं कॅरिअर दोन्ही हातांनी हलवून पाहू लागले.