रुळांक

परदेशी जाऊन कुणाच्या अडचणी दूर करायच्या असतील, तर आधी त्या अडचणींची सवय व्हावी लागते. सवय नसलेला माणूस आल्या आल्या त्या दूर करायला धावतो आणि सगळा घोळ करून ठेवतो. हे ओळखूनच एका मदतसंस्थेने परदेशी पाठवायच्या स्वयंसेवकांसाठी नव्वद दिवसांचा रुळवणी-काळ ठेवला आहे. त्यात कामाला हात लावायचा नाही. दर सोमवारी चार पानी तक्ता भरायचा, त्यावरून रुळांक निघतो, आणि तो शंभर झाला की काम मिळतं. (आजवरच्या दोनशे बारा स्वयंसेवकांपैकी सात जणांना काम मिळालं. बाकीचे त्याआधीच मायदेशी परतले, पण फार छान रुळले होते.)

आपला मेकॅनिक एकतीस वर्षं हातपंप दुरुस्त करून निवृत्त झालेला. "घरात बसून माझं डोकं खाण्यापेक्षा जा," असं म्हणून बायकोनेच बॅग भरून दिली होती. त्याला खोली मिळाली ती एका एकट्या राहणाऱ्या मावशींकडे. मावशींचा डावा गुडघा कामातून गेलेला, आणि दारासमोरचा हातपंप दोन वर्षांपासून बंद. गल्लीतली सगळी माणसं दहा मिनिटं चालून पलीकडच्या नळावर रांग लावत.

मेकॅनिकने पंपाचा दांडा दोनदा हलवून पाहिला. आतला वॉशर गेला होता. काम अर्ध्या तासाचं, आणि वॉशर बॅगेतच होता.

"मावशी, उद्या दारात पाणी," तो म्हणाला. मावशींनी लगेच पंपाखालची फरशी घासली आणि बादली लावून ठेवली.

सकाळी संस्थेच्या समन्वयकबाई आल्या. त्यांनी फार गोड शब्दांत समजावलं, की न रुळता केलेली दुरुस्ती ही ढवळाढवळ ठरते. तक्त्यातल्या चौदाव्या प्रश्नाला, म्हणजे 'वस्तीत काही बदलावंसं वाटतं का?' याला, मेकॅनिकने 'वॉशर' असं उत्तर लिहिलं होतं. रुळांक आला बावीस.

मग त्याने चंग बांधला. पाण्याच्या रांगेत उभं राहिलं की चार गुण मिळत. (मावशीही उभ्या राहत, पण त्यांना गुण नव्हते, त्या जन्मतःच रुळलेल्या धरल्या जात.) त्यांची बादली उचलली तर तो उपकार ठरून सहा गुण जात. एकदा त्या रांगेत घसरल्या, तेव्हा त्याने धावत जाऊन उचललं आणि आठवड्याची सगळी कमाई गमावली. त्यानंतर तो रांगेत त्यांच्यापासून जरा लांब उभा राहू लागला. पहिले काही दिवस याची त्याला फार लाज वाटली. तक्त्यात लाजेचे तीन गुण कापले गेले, तेव्हा तीही हळूहळू कमी झाली.

रुळांक चढत गेला. एकेचाळीस, त्रेसष्ट, अठ्ठ्याऐंशी. नळावर सावली केव्हा येते, कुणाला पुढे सोडायचं, कुणाशी वाद घालायचा नाही, हे सगळं त्याला पाठ झालं. मावशी दर सोमवारी "झालं का हो?" असं विचारत आणि तो "थोडेच राहिलेत" म्हणे. पुढे त्यांनी विचारणं सोडलं.

एकोणनव्वदाव्या दिवशी शंभर भरले. समन्वयकबाईंनी प्रमाणपत्र दिलं आणि आता खुशाल काम करा म्हणाल्या. मेकॅनिक खुशीत भरली बादली घेऊन घरी आला. मावशी दारातच होत्या.

"मग, आता पंप?"

"कोणता पंप?" त्याने विचारलं. तो चेष्टा करत नव्हता.

मावशींनी नुसतं बोट दाखवलं. पंपाच्या दांड्यावर त्याचाच शर्ट वाळत होता. महिनाभर तो कपडे तिथेच वाळत घालत होता.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शर्ट काढून त्याने पाना हातात घेतला, आणि अर्ध्या तासात पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र रद्द झालं. ज्या परिस्थितीत स्वयंसेवक रुळले होते ती आता उरलेली नाही, असं कारण दिलं गेलं. शिवाय पुढच्या तुकडीला उभं राहायला रांगच नसल्याने तिची सोय दुसऱ्या वस्तीत करावी लागली.

ही हकिगत वाचून वाईट वाटलं असेल, तर आपले तीन गुण गेले. तरी काळजी नसावी. उठा, आपल्याच गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या, आणि वाटेत बदलण्यासारखं काय दिसलं ते आठवून पाहा. काहीच नाही ना? अभिनंदन. आपल्याला तर विमानाने कुठे जावंही लागलं नाही.