निसटता लेप

साच्याला अ‍ॅल्युमिनियम चिकटायचं आणि दाजींची झोप उडायची. वितळलेला धातू साच्याच्या पोलादाला असा काही बिलगायचा, की वस्तू हातोडा मारूनच काढावी लागे. कारखान्याचा व्यवस्थापक हा दाजींच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्यामुळे बोलणी कामावर आणि घरी, अशी दोन्हीकडे बसत.

शेवटी दाजींनी एक पांढरा लेप शोधून काढला. बडं गिऱ्हाईक चाचणी बघायला येणार त्या दिवशी त्यांनी तो साच्याला चक्क हातांनी चोपडला.

"दाजी, हातमोजे घाला की!" मेहुणा म्हणाला.

"मोज्यांतून अंदाज येत नाही."

गिऱ्हाईक आलं. चांगलं जाडजूड होतं. तिघेही चाचणीच्या खोलीत शिरले, दार आपोआप बंद झालं. मेहुण्याने बटण दाबलं, भट्टी कलली, धातू साच्यात ओतला गेला. थोड्या वेळाने साचा उघडला, तर आतली वस्तू सुळकन निसटली आणि थेट भिंतीला जाऊन धडकली.

"वा! मिळवा हात!" गिऱ्हाईक म्हणालं.

दाजींनी भारावून हात पुढे केला. तो गिऱ्हाइकाच्या मुठीतून निसटला आणि तोल जाऊन गिऱ्हाईक मागे ठेवलेल्या लेपाच्या बादलीत बसलं. मेहुण्याने त्याला ओढलं, तर तो स्वतःच त्याच्या मांडीवर जाऊन पडला. उठेपर्यंत तिघांचेही हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते.

"आधी हात धुवू," मेहुणा म्हणाला. पण दाराची मूठ होती गोल. ती फिरेचना. रुमालाने पकडली, तर रुमालही माखला. गिऱ्हाइकाने कोपरांनी प्रयत्न केला, मग दातांनी.

"दार ठोका!"

"बाहेर यंत्रं चालू आहेत. कोण ऐकणार?"

तेवढ्यात टेबलावरचा दाजींचा फोन वाजला. दाजींनी तो नाकाने उचलला. फोन बायकोचा होता.

"जेवायला येताय ना?"

"अगं, आम्ही अडकलोय. दाराची मूठ निसटतेय."

"मूठ निसटतेय? काय प्यायलात काय?"

"ताई, मीही आहे गं!" मेहुणा ओरडला.

"तूसुद्धा?"

घर कारखान्याच्या समोरच होतं. ताई तणतणत आली आणि दार उघडलं. समोर तीन पांढरी माणसं हात वर करून उभी.

लेप पाण्याने जाईना. साबण तर हातातच राहीना. इकडे गिऱ्हाइकाच्या गाडीची वेळ झाली होती.

"लेप एकदम फर्मास!" ते म्हणालं. "ताई, माझ्या पिशवीतून करार काढा. आत्ताच सह्या करू."

पेन धरणार कोण? गिऱ्हाइकाने तोंडात पेन धरून कशीबशी आपली सही केली. मेहुण्याने तोंड उघडलं, पण ते ओलं पेन बघून लगेच मिटलं.

"ताई, आमच्या बाजूने तू कर. घरचीच तर आहेस."

ताईने कागद टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसून पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

"ताई, गाडी सुटेल त्यांची!"

"सही माझी आहे ना? मग वाचू दे. इथे लिहिलंय, लेपाचं काम कारखान्याच्या वतीने सही करणाऱ्याच्या देखरेखीखाली होईल."

"हो, म्हणजे माझ्या..."

"सही कोण करतंय?"

मेहुणा दाजींकडे बघू लागला. दाजी छताकडे.

ताईने झोकात सही ठोकली. गिऱ्हाईक तिला वाकून नमस्कार करून निघून गेलं.

सोमवारी सकाळी ती कारखान्यात आली, भावाच्या खुर्चीत बसली आणि समोर उभ्या असलेल्या दोघांना म्हणाली, "हं. आता मला सांगा, साचा म्हणजे काय?"