भीती वाटली की घ्यायचं

दहा वर्षांची सरासरी काढायला असं काय लागतं? मला बेरीज येते, भागाकार येतो, आणि बावीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढल्यामुळे बारीक टाइपाची भीती वाटत नाही. एका पंप बनवणाऱ्या कंपनीची किंमत मला ठरवता येणार नाही, तर कोणाला येणार?

असं मी चर्चच्या तळघरात, शनिवारी सकाळी नऊ वाजता, सात म्हाताऱ्या माणसांसमोर बोलले. शब्द इतके नव्हते. "बाबांचं कार्ड आता मी करते," एवढंच म्हणाले. पण मनातला रुबाब हाच होता.

बाबा, म्हणजे हॅल्वर, ऑक्टोबरात गेले. गावातल्या शेअर-मंडळाचे कागद एकतीस वर्षं त्यांच्याकडे होते. मंडळाची सगळी खरेदी त्यांच्या कार्डावर चाले, आणि कार्डाची रीत ठरलेली होती. एका वर्षाच्या कमाईवर कंपनी जोखायची नाही. एखादं साल लठ्ठ असतं, एखादं रोडकं. गेल्या दहा वर्षांची, दर शेअरमागची कमाई घ्यायची. जुने डॉलर महागाईच्या हिशेबाने आजच्या डॉलरांत आणायचे. मग सरासरी काढायची, आणि आजचा भाव त्या सरासरीच्या किती पट आहे ते बघायचं. पंधरा पटीच्या आत असेल तर घ्यायचं. पंचवीसच्या वर असेल तर कॉफी संपवून घरी जायचं.

हे सगळं पेन्सिलीने. कॉम्प्युटर वर्ज्य. प्रत्येक आकडा त्या त्या वर्षीच्या छापील अहवालातूनच उचलायचा. दुसऱ्याने चघळलेला आकडा बाबांना चालत नसे. म्हणून आमच्या घराच्या तळघरात टोर्गा पंप कंपनीचे अहवाल सालवार रचलेले होते, आणि मी आठवडाभर ते घेऊन बसले. समासात बाबांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. एका अहवालावर कॉफीच्या कपाचा गोल डाग होता. त्या पानावर मी जरा जास्त वेळ थांबले. शेवटचा अहवाल तर पाकिटातच होता, बाबांच्या नावाचा, न फोडलेला. तो मी फोडला, पाहिजे तो आकडा घेतला आणि घाईने मिटला. पुढची पानं वाचली नाहीत. वाचायला हवी होती.

आकडे विलक्षण होते. पहिली सात वर्षं दर शेअरमागे आजच्या डॉलरांत आठ-आठ डॉलर कमाई. मग एकदम दोन-सव्वादोन! भाव त्रेसष्ट. सरासरी सव्वासहा. म्हणजे दहा पट. मला बाबांचा आवाजच ऐकू आला: तीन रोडक्या सालांना भिऊन लोक पळाले आहेत, दहा वर्षांकडे कोणी बघत नाही.

पुढच्या शनिवारी मी कार्ड वाचून दाखवलं. वाचताना दोनदा ओळ चुकले. शेवटी मी खरं तेच सांगितलं, की मला भीती वाटते आहे.

मग औषधांचं दुकान चाळीस वर्षं चालवून निवृत्त झालेल्या मर्लकाकांनी चष्मा काढून पुसला. मंडळाची खजिनदार डॉरिसमावशी हळूच म्हणाली, "अगदी हॅल्वर."

मला माहीत नव्हतं ते तेव्हा कळलं. बाबा प्रत्येक मोठ्या खरेदीआधी पांढरेफटक पडत आणि "मला भीती वाटते" म्हणत. एकतीस वर्षांत मंडळाने त्याचा नियमच करून टाकला होता: हॅल्वर घाबरला की घ्यायचं. बाबांना लिफ्टमध्येही भीती वाटे आणि केस कापतानाही, हे या लोकांना कोणी सांगितलं नव्हतं.

मंडळाने नेहमीसारखी बेताचीच खरेदी ठरवली. पण सभा संपल्यावर आयनारकाका माझ्याजवळ आले. वय एक्याऐंशी, गावचे जुने सुतार, बाबांचे जिवलग मित्र. त्यांनी मला शांतपणे सांगितलं की तळ्याकाठची केबिन ते विकणार आहेत. मिनीआपोलिसचा एक दंतवैद्य चार वर्षं मागे लागला आहे. उद्या दोन वाजता तो कागद न्यायला येईल, आणि सगळे पैसे टोर्गात जातील. ती केबिन त्यांनी आणि त्यांच्या बायकोने दोघांनी मिळून बांधली होती, एकेक फळी. बायको जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून ते तिथेच राहतात. मी म्हणाले, काका, एवढं सगळं नको. तर त्यांनी माझा खांदा थोपटला आणि म्हणाले की हॅल्वरही असंच म्हणायचा.

रविवारी प्रार्थनेनंतर कॉफी होती. एका बाळाचा बाप्तिस्मा होता, पाहुणे दुप्पट. मर्लकाकांनी ताटातली लिंबाची वडी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि कुरकुरले की वडी आहे की पोस्टाचं तिकीट.

"ट्रे तोच आहे," डॉरिसमावशी म्हणाली. "माणसं वाढली म्हणून एकेकीच्या चार केल्या. लिंबू काही कमी घातलं नाही."

मी कप तसाच टेबलावर ठेवला.

एकेकीच्या चार. आठ भागिले चार, दोन. टोर्गाची कमाई घसरलीच नव्हती! तीन वर्षांपूर्वी कंपनीने एका शेअरचे चार केले असणार. जुने अहवाल जुन्या, मोठ्या वड्यांचे होते, नवे छोट्या वड्यांचे, आणि मी दोन्ही एका ताटात घालून सरासरी काढली होती. मी घरी धावले, तळघर उतरले. शेवटच्या अहवालात, मी न उलटलेल्या पानावर, ते स्वच्छ लिहिलं होतं. तिथेच पायरीवर बसून पुन्हा भागाकार केला. खरी सरासरी दोन डॉलर आणि काही सेंट. भाव सरासरीच्या तीस पट. घरी जाण्याचाच आकडा.

घड्याळात एक वाजून गेला होता. आयनारकाका आपला फोन स्वयंपाकघरात बिस्किटांच्या डब्यात ठेवतात आणि त्याच्याकडे बघत नाहीत. मी आधी चर्चला गेले, निदान बाकीच्यांना तरी थांबवावं म्हणून. मर्लकाका आणि डॉरिसमावशी कप धूत होते. मी धापा टाकत सांगितलं की मी चुकले आहे, घोर चुकले आहे, मला भयंकर भीती वाटते आहे, कोणीही काही घेऊ नका.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मर्लकाकांनी हात पुसले आणि डॉरिसमावशीला विचारलं की आपल्या स्वतःच्या खात्यातूनही थोडे घेता येतील का. डॉरिसमावशी म्हणाली, येतील, आणि आपणही घेते. "इतकं घाबरलेलं मी हॅल्वरलासुद्धा पाहिलं नव्हतं," ती म्हणाली.

मी "वड्या! वड्या!" असं काहीतरी ओरडले. त्यांनी मला दोन बांधून दिल्या.

तळ्यापर्यंत वीस मिनिटं. रस्ताभर माझ्या डोळ्यांपुढे त्या केबिनच्या दारावर दंतवैद्याचं पितळी नाव चमकत होतं. केबिनला कुलूप नव्हतं, आत माणूस नव्हता. टेबलावर विक्रीचे कागद, वर पेन. कागदांवर आयनारकाकांची सही आधीच झालेली होती! मी खिडकीतून पाहिलं. दूर, गोठलेल्या तळ्याच्या मध्यावर, उलट्या बादलीवर बसलेली एक पाठ दिसत होती. बर्फात पाडलेल्या भोकात गळ सोडून काका मासे धरत होते.

गोठलेल्या तळ्यावर मी सातव्या वर्षानंतर पाऊल ठेवलं नव्हतं. आमच्याकडे लोक त्या बर्फावर ट्रक चालवतात, मुलं हॉकी खेळतात, आणि मी काठावर उभी राहून सगळ्यांचे कोट धरते. पण पावणेदोन झाले होते. मी निघाले. पहिल्या दहा पावलांनंतर बर्फ खालून गुरगुरला, जेवणानंतर पोट बिघडलेल्या माणसासारखा. मी चारी हातापायांवर आले आणि तशीच पुढे सरकत राहिले, कोटाच्या आत छातीशी अहवाल, खिशात वड्या.

आयनारकाकांनी मान वळवून मला येताना पाहिलं. बादलीवर सरकून जागा केली.

मी बसले. वड्या काढल्या, एकीचे चार तुकडे केले आणि सगळं सांगितलं. या वेळी घाबरल्याचं सांगितलं नाही. फक्त आकडे सांगितले. त्यांनी हातमोजा काढला, माझी पेन्सिल घेतली आणि अहवालाच्या पाठीवर स्वतः भागाकार केला. मग तीसच्या आकड्याखाली रेघ मारली.

"काल रात्रभर झोपलो नाही मी," ते म्हणाले. "नुसती भीती वाटत होती. मला वाटलं, आता आपल्यालाही हॅल्वरसारखं कळायला लागलं."

"काका, बाबांना सगळ्याचीच भीती वाटायची."

"मला नाही का माहीत? तीस वर्षं माझ्या बोटीत बसायचा, दोन जॅकेटं घालून." मग जरा थांबून ते म्हणाले, "पण तरी बसायचा."

तेवढ्यात दंतवैद्य आला. गुळगुळीत तळव्यांचे बूट, हात पसरलेले, टेबलावरचे कागद दातांत. त्याला पाहून मला थोडं बरं वाटलं. तळ्यावर माझ्याहून घाबरलेलं कोणीतरी होतं. आयनारकाकांनी त्याच्या दातांतले कागद काढून घेतले, आपल्या सहीवर रेघ मारली आणि सांगितलं की केबिन विकायची नाही. त्याने पाच हजार वाढवले. काका नाही म्हणाले. त्याने आणखी दहा वाढवले. काका काहीच बोलले नाहीत, कारण गळाची दोरी हलली होती, तर त्याने आणखी पंधरा वाढवले! इतके पैसे कोणीही घेतले असते. शेवटी तो म्हणाला की संध्याकाळपर्यंत वाट बघेन, आणि तसाच हात पसरून, इंचाइंचाने परत गेला.

"आकडा मोठा आहे," आयनारकाका म्हणाले. "हॅल्वरने आधी कार्ड केलं असतं. कर."

"केबिनचं? केबिन काय कमावते?"

"मासे."

मी अहवालाचं मागचं पान उलटलं आणि लिहायला लागले. ते सालवार सांगत गेले, त्या वर्षीचा सर्वांत मोठा मासा किती पौंडांचा. गेल्या वर्षीचा तीन पौंडांचा होता. त्याआधीचा चार. जसजसे मागे गेलो तसतसे मासे फुगत गेले. नऊ वर्षांपूर्वीचा तर बादलीतच मावेना. कंपनीची जुनी कमाई आजच्या हिशेबात आणताना वाढवावी लागते. माशांचं उलट होतं. मी निमूटपणे प्रत्येक साल थोडं थोडं उतरवत गेले. काका पेन्सिलीकडे बघत होते, पण एकदाही हरकत घेतली नाही.

दहाव्या वर्षाला ते थांबले.

"तो तुझ्या बापाचा," ते म्हणाले. "अकरा पौंड. वर ओढून घ्यायलाच घाबरला होता."

सरासरी काढली, दंतवैद्याच्या आकड्याला भागलं. चौदा हजार सहाशे पट आली. बाबांच्या नियमाने ती केबिन त्याच क्षणी विकून मोकळं व्हायला हवं होतं. मी तसं काकांना प्रामाणिकपणे सांगितलं. त्यांनी ते पान फाडलं, घडी करून टोपीत ठेवलं आणि म्हणाले की मग राहू दे.

माझा भागाकार या वेळीही बरोबर नव्हता, हे इथेच कबूल करते. नऊ मासे मी महागाईच्या हिशेबाने उतरवले. अकरा पौंडांचा तेवढा तसाच ठेवला.