संदर्भसूचीतला पहिला माणूस

वल्लरी गानूने प्रथम वर्षाच्या आपल्या पहिल्यावहिल्या संशोधन प्रकल्पात, शेवटच्या पानावर, पत्नीचे आणि दोन्ही मुलांचे मनःपूर्वक आभार मानले होते. क्रांती मॅडमनी ते पान वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा सर्वांत मोठा धक्का वल्लरीलाच बसला, कारण तिने ते पान तोवर वाचलंच नव्हतं. मोबाइलवरून उतरवताना ती फक्त पानं मोजत होती.

"मुलं कितवीत आहेत?" मॅडमनी विचारलं.

वर्ग खदखदून हसला. त्या दिवसापासून कॅन्टीनमध्ये तिला सगळे 'मिस्टर गानू' म्हणू लागले.

मॅडम मात्र हसल्या नव्हत्या. "पुढच्या शुक्रवारी दोन वाजता पुन्हा सादरीकरण," त्या म्हणाल्या. "विषय तुझ्या घराजवळचा घे. माणसांना जाऊन भेट. प्रत्येक वाक्याला ते कुणी सांगितलं ते लिही, शेवटी संदर्भसूची जोड. आणि ज्याचं वाक्य त्याला छापील प्रत दाखवून त्याची सही आण. सही नाही तर वाक्य नाही, वाक्य नाही तर गुण नाहीत. या वेळी शून्य मिळालं तर विषयात नापास, लक्षात ठेव."

वल्लरीने लक्षात ठेवलं. श्रीवर्धनात गानूंच्या आळीत सुपारीच्या बागा, आणि प्रत्येक बागेत एक जुनी विहीर. एके काळी प्रत्येक विहिरीवर रहाट होता. रेडा गोल फिरायचा, लाकडी चाकं कुरकुरायची, माळेतले पोहरे भरभरून वर यायचे आणि पाटाने पाणी सुपारीच्या मुळाशी जायचं. आता बटण दाबलं की पंप सुरू. तेव्हा 'आमच्या आळीतला शेवटचा रहाट कधी बंद पडला?' असा प्रश्न तिने घेतला आणि वही घेऊन निघाली.

चार माणसं भेटली. शेजारच्या बागेचे मालक आणि बागायतदार मंडळाचे अध्यक्ष यज्ञेश्वर वर्तक. शेवटचा रहाट त्यांच्याच विहिरीवरचा. वल्लरीची सख्खी चुलती कुमुदकाकू. समोरच्या घरातला सलिल बर्वे, ज्याच्या आजोबांच्या वह्यांत बागेच्या नोंदी होत्या. आणि अंबाजी आयरे, जो तरुणपणी वर्तकांच्या रहाटावर रेडा हाकायचा आणि नंतर जन्मभर आळीतल्या सुपाऱ्या पाडत आला. सगळ्यांनी भरभरून सांगितलं. अंबाजीने मात्र विचारलं तितकंच सांगितलं.

बारा पानं झाली! वल्लरीला स्वतःचंच नवल वाटलं. एकही वाक्य चोरलेलं नव्हतं. मॅडमनी मसुदा चाळला आणि म्हणाल्या, "छान आहे. फक्त संदर्भसूची मनाने लावू नकोस. आडनावाप्रमाणे, अकारविल्हे."

तिने तशी लावली. आयरे, गानू, बर्वे, वर्तक. चार प्रती छापल्या आणि बुधवारी सकाळी सह्यांसाठी बाहेर पडली.

इथे आळीची एक रीत सांगायला हवी. या आळीत नावांची यादी कधी नुसती यादी नसते. लग्नाची पत्रिका असो, नाहीतर देवळाच्या जीर्णोद्धाराचा फलक, मजकूर कुणी वाचत नाही. कोण कुणाच्या वर आहे, एवढंच आधी बघतात. सलिल बर्व्याच्या लग्नाची पत्रिका याच पायी तीनदा छापावी लागली होती. तिसऱ्या खेपेची छापून आली तोवर लग्न होऊन गेलं होतं, तरी बर्व्यांनी ती घरोघर वाटली.

यज्ञेश्वरकाकांनी चष्मा लावला, बाराही पानं एका हाताने बाजूला केली आणि शेवटचं पान उघडलं. त्यांचा चेहरा हळूहळू जांभळा झाला.

"हे काय गो?"

"संदर्भसूची, काका."

"अंबाजी पहिला?"

"हो."

"आमच्या रहाटावर कामाला होता तो! आणि मी तळाला? अध्यक्ष मी, विहीर माझी, रहाट माझा, रेडासुद्धा माझा!"

"काका, ते अकारविल्हे आहे. आ आधी येतो, व नंतर."

"तुझ्या बापाच्या लग्नाची पत्रिका काय अकारविल्हे छापली होती? माझी वाक्यं काढून टाक. एक शब्द ठेवायचा नाही. सही बिही काही मिळायची नाही."

वाक्यं परत मागता येतात हे वल्लरीला कुठल्याच तासाला शिकवलेलं नव्हतं. पाच पानं जागच्या जागी गेली.

घरी येऊन तिने कुमुदकाकूंपुढे प्रत धरली. आता घरचीच बाई, सही हमखास. काकूंनी यादी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"माझं नाव यज्ञेश्वरभावजींच्या वर? अगो, मला मारतेस काय? उद्या म्हणतील, कुमुदनेच पोरीला शिकवलं. आपली विहीर आटली की पाटाचं पाणी त्यांच्याच कुंपणातून येतं आपल्याकडे. काढ बाई, माझंही काढ."

"काकू, मी नापास होईन!"

"ऑक्टोबरात दे की पुन्हा. पाणी काय ऑक्टोबरपर्यंत थांबणार आहे?"

आणखी तीन पानं गेली. सलिलदादाने तर प्रत हातातसुद्धा घेतली नाही. "यादी म्हटली की मला अजून घाम फुटतो," तो दारातूनच म्हणाला. "सगळ्यांनी नाही म्हटलंय ना? मग मीही नाही. वहिनीला चहा टाकायला सांगू?"

वल्लरीने चहा घेतला नाही. गुरुवारी दुपारी ती अंबाजीच्या अंगणात जाऊन बसली तेव्हा तिच्याजवळ बारा पानांपैकी दीड पान उरलं होतं. अंबाजीने ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"यात माजं नाव कुटं हाय?"

तिने बोट ठेवून दाखवलं. त्याने बराच वेळ त्या जागेकडे पाहिलं, मग जीभ दातांत धरून, एकेक अक्षर कोरत सही केली.

"हे कुटं वाचनार?"

"उद्या कॉलेजात. दोन वाजता."

"मंग येतो मी," अंबाजी म्हणाला.

शुक्रवारी तो खरोखरच आला. पांढरा शर्ट इस्त्रीचा, केसांना तेल. शेवटच्या बाकावर बसला. वल्लरीला जरा धीर आला, पण तो दोनच मिनिटं टिकला. दारातून यज्ञेश्वरकाका आत आले. त्यांच्यामागून कुमुदकाकू आणि त्यांच्यामागून सलिल. आपलं नाव चुकून यादीत उरलं तर नाही ना, याची खात्री करायला काकांनी सगळ्यांना आपल्या गाडीत घालून आणलं होतं.

वल्लरीने पडद्यावर पहिली पाटी लावली. 'आमच्या आळीतला शेवटचा रहाट.' दुसरी पाटी, 'रहाटाची रचना', रिकामी. तिसरी, 'पाण्याच्या पाळ्या', रिकामी. चौथीवर एकच वाक्य: 'हा रहाट एका वैशाखात दुपारी बंद पडला (आयरे).'

"मिस्टर गानू, घरचे आलेत वाटतं," कुणीतरी पुटपुटलं आणि पोरं खिदळली. मॅडमनी हात वर करून वर्ग गप्प केला.

"बाकीचा मजकूर कुठे गेला?"

"सह्या नाही मिळाल्या, मॅडम."

"हरकत नाही. जे आहे त्यावर बोलू. चालता रहाट ऐन वैशाखात, सुपारीला पाणी सर्वांत जास्त लागतं तेव्हाच, कसा काय बंद पडला? का?"

कधी, कुठे, कुणाचा, सगळं वल्लरीने विचारलं होतं. 'का' विचारायचंच राहिलं होतं. सगळे धरूनच चालले होते की पंपाची मोटर आली म्हणून बंद पडला. आता शून्य, हे तिला स्वच्छ दिसलं.

"मी सांगू काय?" मागून आवाज आला.

अंबाजी उभा होता. त्याने एकदा यज्ञेश्वरकाकांकडे पाहिलं आणि मग मॅडमकडे.

"मोटर मागनं आली. आदी रहाट मोडला. मी जेवाया बसलेलो. धाकले मालक, म्हंजे हे यज्ञेश्वरशेट, कालेजच्या सुट्टीत आलेले. दोस्तास्नी म्हनले, मी चालवून दावतो. रेडा उधळला, चाकाचे लाकडी दातं कटाकट मोडले. थोरल्या मालकास्नी सांगितलं, अंबाजीनं मोडला."

यज्ञेश्वरकाका ताडकन उठले.

"पुरावा काय? चाळीस वर्षांमागची गोष्ट! काही बरळतोय!"

"नियमाने बरोबर आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "एकाच साक्षीवर निष्कर्ष काढता येत नाही. वल्लरी, दुसरा आधार आहे?"

तेवढ्यात कुमुदकाकू उभ्या राहिल्या, आणि कुंपणाच्या पाण्याचं त्यांना काही भान उरलं नाही.

"म्हणजे तो रेडा तुम्ही सोडलात?" त्या कडाडल्या. "नवी नवरी होते हो मी! माझ्या हातचे पहिले पोह्याचे पापड अंगणात वाळत होते. रेडा सगळ्यांवरून गेला! सासूबाईंनी मलाच बोल लावला, आणि मी इतकी वर्षं या अंबाजीला शिव्या घालतेय!"

"आजोबांच्या वहीत आहे ते," सलिल न राहवून म्हणाला. "'वर्तकांचा रेडा समुद्रावर सापडला.' मला वाटलं, फिरायला गेला असेल."

"मी त्याला मारलं नव्हतं!" यज्ञेश्वरकाका ओरडले. "फक्त शेपूट पिरगळलं होतं!"

ओरडून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. चाळीस पोरं, एक मॅडम आणि अख्खी आळी त्यांच्याकडे बघत होती. ते मटकन बाकावर बसले.

"आधार चार झाले," मॅडम म्हणाल्या आणि स्वतःच कागद घेऊन सह्यांना फिरल्या. भर वर्गात बोललेलं वाक्य परत मागायची कुणाची छाती झाली नाही.

यज्ञेश्वरकाकांनी सही केली आणि मागे न बघताच विचारलं, "अंबाजी, तू तेव्हाच का बोलला नाहीस?"

"मला कोनी इचारलंच न्हाय," अंबाजी म्हणाला.

वल्लरीला एकदम रडूच आलं. चारदा त्याच्या अंगणात बसून तिनेही कुठे विचारलं होतं?

वल्लरी पास झाली. फक्त वगळलेला सगळा मजकूर परत घालून, सोमवारपर्यंत प्रत द्यायची होती. "आणि सूची तीच," मॅडम म्हणाल्या. "अकारविल्हे."

व्हरांड्यात काकांनी तिला गाठलं. आवाज बराच उतरला होता. "म्हणजे मी पुन्हा तळालाच का गो?"

"काका," वल्लरी म्हणाली, "मंडळाच्या सभेत अध्यक्ष कधी बोलतात?"

"शेवटी. सगळ्यांचं झाल्यावर." काका थांबले. मग त्यांचा चेहरा उजळला आणि ते ताठ चालीने गाडीकडे गेले.

हे उत्तर आळीभर पसरायला एक दिवस पुरला. शनिवारी सकाळी कुमुदकाकूंनी तिला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं की माझं नाव जरा खाली घे, भावजींच्या शेजारी. दुपारी सलिलदादा स्वतः आला. "शेवटची जागा रिकामी आहे का गं?" त्याने विचारलं. आता सगळ्यांनाच तळाला जायचं होतं.

वल्लरी डोकं धरून अंबाजीकडे गेली. तो विळी घेऊन सुपाऱ्या सोलत बसला होता.

"तुम्हालापण खाली यायचं असेल तर आत्ताच सांगा, अंबाजीकाका. सगळे तेच म्हणतायत."

अंबाजीने विळी बाजूला ठेवली.

"त्यो रहाट मोडला तवा माजं काम ग्येलं, म्हनून मी सुपारीवर चडाया लागलो. चाळीस वर्सं वर चडतोय, वर कोन हाय ते खालून कोनी इचारलं न्हाय. आता बसल्या जागी वर ग्येलोय," तो म्हणाला, "मला न्हाय उतरायचं."