अमावस्येचं स्वस्त तिकीट

उद्धवराव एका कुलपाला शिव्या देत होते. कुलूप समोरच्या मोतीरामच्या दाराला होतं, आणि उद्धवरावांचा आणि त्यांच्या बायकोचा, असे दोन्ही पासपोर्ट त्याच घरात होते. आदिलाबादेत सकाळचे सात वाजले होते, हैदराबाद सहा तासांवर, आणि व्हिएतनामचं विमान संध्याकाळी पाचला.

शेजाऱ्याच्या घरात पासपोर्ट गेलेच कसे म्हणाल, तर ती त्यांच्या बायकोची, विनोदिनीबाईंची करणी. महिनाभर उद्धवराव कचेरीत ज्याला त्याला ज्ञान पाजत होते, की परदेशी जायचं तर अमावस्येचं तिकीट काढा, त्या दिवशी आपली माणसं घर सोडत नाहीत, म्हणून स्वस्तात पडतं. सव्वीस वर्षांत बायकोला चंद्रपूरच्या पुढे नेलं नाही, हा मेव्हण्याचा टोमणा त्यांना एकदाचा मोडून काढायचा होता. कचेरीत पेढेही वाटून झाले होते. बाई अमावस्येला निघायला तयार झाल्या, पण दोन दिवस आधी मुहूर्तावर प्रस्थान ठेवायच्या अटीवर. म्हणजे प्रवासाची एक पिशवी शेजारी नेऊन ठेवायची. देव प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतो, मग निघा केव्हाही. पिशवीत नारळ-सुपारी पुरली असती. पण देवाला फसवणं बाईंना पटेना, म्हणून त्यांनी पासपोर्टही घातले.

उद्धवरावांनी फोन लावला. "मोतीराम, कुलूप काऊन हाये दाराला?"

"भैंसा गावी आलो ना आमी दोघं, साडूकडं बारसं हाये. पिशवी संगंच आणली. तुमची अमानत सुन्या घरात कशी ठेवू?"

या प्रामाणिकपणाला काय म्हणावं? शेवटी ठरलं, की मोतीरामने मिळेल त्या गाडीने निघावं, उद्धवरावांनी भाड्याच्या गाडीने हैदराबादच्या रस्त्याला लागावं, आणि वाटेत नेरडीगोंड्याला पिशवी घ्यावी. नवरा-बायको नेरडीगोंड्याला हायवेच्या कडेला उभे राहिले. मोतीराम आला, पण एक्सप्रेस बसमधून, आणि तिला तिथे थांबाच नव्हता. खिडकीतून पिशवी हलवत तो डोळ्यांदेखत आदिलाबादकडे निघून गेला. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, रेणुकाबाईंनी हातही हलवला.

गाडी वळवायला दुभाजकात वाट सापडेना. चार किलोमीटर पुढे जाऊन वळले आणि थेट आदिलाबादच्या बसस्थानकावर त्या बसला गाठलं, तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. आता पुष्पक विमान आणलं असतं तरच जमलं असतं. तिकीटवाल्याला फोन केला, तर म्हणे स्वस्त तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. उद्धवरावांनी त्याचा, मोतीरामचा आणि बसवाल्यांचा मनसोक्त उद्धार केला आणि चौघं परतल्यावर घराची किल्ली काढली.

विनोदिनीबाई दारात आडव्या आल्या. "प्रस्थान ठेवलेलं हाये. प्रवास झाल्याबिगर उंबरा वलांडता येत नाही. सहलीचे सहाही दिवस."

"मंग काय रस्त्यावर राहू?"

बाईंनी पिशवी उचलली आणि मोतीरामने कुलूप काढताच त्या त्याच्या घरात शिरल्या. उद्धवराव भांडायला रस्त्यातच उभे राहिले होते, तेवढ्यात कोपऱ्यावर कचेरीतला चंपत शिपाई दिसला. सगळ्या कचेरीच्या हिशेबी साहेब विमानतळाच्या वाटेवर होते. साहेबांनी मोतीरामच्या घरात उडीच मारली.

तिसऱ्या दिवशीही उद्धवराव खिडकीच्या फटीतून स्वतःच्याच घराकडे बघत धुमसत होते. मेव्हण्याचा दोनदा फोन येऊन गेला, उचलायची सोय नव्हती. आत रेणुकाबाईंनी विनोदिनीबाईंच्या पुढ्यात गरम भाकरी वाढली आणि सहल कशी चाललीय, असं हसत विचारलं.

"सव्वीस वर्षांत पयल्यांदा आयतं जेवून राह्यले, माय," विनोदिनीबाई म्हणाल्या. मग खिडकीकडे बघून त्यांनी आवाज चढवला, "आयकलं का? पुढच्या साली बी इथंच येऊ. फक्त तिकीट नका काढू."